एसडी लिहू की एसई? आणि एकाच सरासरीचं विचलन येतं कुठून?

विचारलेलं थोडक्यात असं: कृषी पदव्युत्तर प्रबंधासाठी एका महसूल मंडळात सोयाबीनचे दहा पीक कापणी प्रयोग (शेतातला ठरावीक मापाचा प्लॉट कापून उत्पादन मोजणं) घेतले आहेत. सरासरी उत्पादनापुढे ± टाकून एसडी, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन किंवा प्रमाण विचलन, द्यायचा की एसई? पुस्तकात एसई, म्हणजे स्टँडर्ड एरर किंवा प्रमाण त्रुटी, ही ‘नमुना सरासऱ्यांचं प्रमाण विचलन’ अशी दिली आहे. पण हाताशी सरासरी एकच आहे, मग एकाच आकड्याचं विचलन कसलं? आणि एसई लहान आला म्हणजे आकडा बरोबर, असं समजायचं का?

मधली शंका आधी घेतो, कारण खरा अडसर तिथेच आहे. ती सुटली की उरलेल्या दोघींना फार जोर लावावा लागत नाही.

पाचच शेतं असलेली एक वस्ती कल्पू. हेक्टरी उत्पादन १०, १२, १४, १६ आणि १८ क्विंटल. खरी सरासरी १४. तुम्हाला मात्र दोनच शेतं कापायची परवानगी आहे आणि ती दोन चिठ्ठ्या टाकून निवडायची. अशा जोड्या एकूण दहाच होतात आणि त्यांच्या सरासऱ्या येतात ११, १२, १३, १४, १३, १४, १५, १५, १६, १७. या दहा सरासऱ्यांची सरासरी बरोबर १४. तिच्यापासूनच्या फरकांचे वर्ग घेऊन बेरीज केली की ३०, दहाने भागून ३, वर्गमूळ १.७३. हा झाला स्टँडर्ड एरर. दोन चिठ्ठ्या टाकून सरासरी काढणारा माणूस १४ च्या आसपास सर्वसाधारणपणे किती भरकटेल, ते हा आकडा सांगतो.

आता हाच आकडा दहा जोड्या न मांडता काढू. पाच शेतांचं विचरण (फरकांच्या वर्गांची बेरीज ४०, भागिले ४) १०. नमुना दोनचा, म्हणून १० ÷ २ = ५. पाचातली दोन शेतं तर आपण कापलीच, तेवढी अनिश्चितता कमी, म्हणून ५ × (१ − २/५) = ३. वर्गमूळ १.७३. तंतोतंत तेच. सूत्राने एकही जोडी पाहिली नाही. त्याला दोनच गोष्टी ठाऊक होत्या: शेतं एकमेकांपासून किती वेगळी आहेत आणि चिठ्ठ्या कशा टाकल्या. न काढलेल्या नऊ जोड्यांचं वागणं त्याला एवढ्यावरून कळतं.

प्रत्यक्षात पाचही शेतांचं विचरण माहीत नसतं, हातात एकच जोडी असते. त्या जोडीचंच विचरण आपण सूत्रात घालतो. १० आणि १२ ची जोडी निघाली तर विचरण २ आणि एसई ०.७७. १० आणि १८ निघाली तर विचरण ३२ आणि एसई ३.१०. खरा एसई १.७३ असताना! दहाही जोड्यांच्या विचरणांची सरासरी मात्र बरोबर १० येते, म्हणजे पद्धत सरासरीने खरी आहे. एकेका जोडीचा भरवसा नाही. म्हणून लहान नमुन्यातला एसई हाही एक अंदाजच असतो. आकडे साधारण नॉर्मल वितरणाचे असतील तर चारच्या नमुन्यात त्या अंदाजात ४० टक्क्यांच्या आसपास चूक सहज असते आणि दहाच्या नमुन्यात २४ टक्क्यांच्या आसपास. ही अडचण डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेटने ओळखली आणि १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने सोडवली. टी-टेबल तिथून आलं. खरी सरासरी ९५ टक्के भरवशाने कुठल्या पट्ट्यात असेल ते काढायला मोठ्या नमुन्यात एसईला १.९६ ने गुणून सरासरीच्या दोन्ही बाजूंना ठेवतात. तीस-चाळीसपेक्षा कमी नमुन्यात १.९६ ने गुणणं सोडा, टी-टेबल उघडा.

तुमच्या दहा प्रयोगांकडे येतो. प्लॉट १० मीटर × ५ मीटर धरतो, म्हणजे ५० चौरस मीटर. हेक्टरात असे २०० प्लॉट, म्हणून प्लॉटमधले किलो दुप्पट केले की हेक्टरी क्विंटल मिळतात. समजा वजनं अशी आहेत: ६.२, ७.१, ५.४, ८.०, ६.८, ७.५, ४.९, ६.६, ७.३, ६.२ किलो. बेरीज ६६, सरासरी ६.६. फरकांच्या वर्गांची बेरीज ८.२०, नऊने भागून ०.९११, वर्गमूळ ०.९५५. हा एसडी. दहाच्या वर्गमूळाने (३.१६२) भागलं की ०.३०२. हा एसई. क्विंटलमध्ये सरासरी १३.२, एसडी १.९१, एसई ०.६०. मंडळात शेतं हजारोंनी असतात, त्यामुळे वरची (१ − २/५) सारखी सूट इथे नगण्य आहे. नमुना एकूण संख्येच्या पाच टक्क्यांपेक्षा कमी असेल तर ती सोडून देतात.

एसडी १.९१ शेताशेतातला फरक सांगतो. शंभर प्लॉट कापा, हजार कापा, तो १.९ च्या आसपासच राहणार, कारण जमीन, पाणी, पेरणीची तारीख यांतला फरक तुमच्या कापण्याने कमी होत नाही. एसई ०.६० तुमच्या सरासरीची डळमळ सांगतो आणि ती प्लॉट वाढवले की कमी होते, मात्र वर्गमुळाच्या चालीने. एसई निम्मा हवा तर प्लॉट दहाचे चाळीस. वाचकाला ‘इथलं पीक किती कमीजास्त होतं’ हे सांगायचं असेल तर एसडी, ‘मंडळाचं १३.२ कितपत धरून चालायचं’ हे सांगायचं असेल तर एसई. लहान दिसतो म्हणून एसई लिहायचा ही प्रथा प्रबंधांत बरीच मुरलेली आहे, आणि ± नंतर काय आहे हेच न लिहिणं ही तिच्याहून वाईट.

इथवरचं कुठल्याही पुस्तकात सापडेल. आता ज्याने एसई सर्रास चुकतो ते. वरचं गणित ‘दहा शेतं सगळ्या मंडळातून सुटी सुटी, चिठ्ठीने निवडली’ असं गृहीत धरून आहे. पीक कापणी प्रयोग असे क्वचितच होतात. आधी गावं निवडतात, मग गावातून शेतं, मग शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून रँडम आकड्यांनी पावलं मोजून प्लॉट. समजा तुमची दहा शेतं पाच गावांतली, प्रत्येकी दोन होती आणि आकडे असे बसतात:

पहिलं गाव ४.९ आणि ५.४
दुसरं ६.२ आणि ६.२
तिसरं ६.६ आणि ६.८
चौथं ७.१ आणि ७.३
पाचवं ७.५ आणि ८.०

आकडे तेच, सरासरी तीच ६.६. पण एका गावातली दोन शेतं जुळ्या भावंडांसारखी आहेत: पाऊस तोच, जमीन बहुधा तीच, बियाणंही एकाच कृषी सेवा केंद्रातलं. दुसऱ्या शेताने नवं फारसं काही सांगितलंच नाही. चिठ्ठी गावांची टाकली, तेव्हा एसईही गावांवरूनच निघतो. गावांच्या सरासऱ्या ५.१५, ६.२, ६.७, ७.२, ७.७५. त्यांचा एसडी ०.९९४, पाचच्या वर्गमूळाने भागून ०.४४५ किलो, म्हणजे ०.८९ क्विंटल. मघाशी ०.६० होता. टी आता नऊ नव्हे, चार डिग्रीज ऑफ फ्रीडमचा (इथे संख्या वजा एक), २.२६२ ऐवजी २.७७६. त्यामुळे ९५ टक्क्यांचा पट्टा ११.८ ते १४.६ होता तो १०.७ ते १५.७ झाला. दोन्ही एसईंच्या वर्गांचं गुणोत्तर २.१७ येतं. सुटी सुटी निवडलेली जेमतेम साडेचार-पाच शेतं जेवढं सांगतील, तेवढंच या दहांनी सांगितलं.

म्हणून एसई आकड्यांच्या रकान्यात नसतो, तो आकडे कसे गोळा केले त्यात असतो. तोच रकाना, निवड वेगळी, एसई वेगळा. एखाद्याने नुसती एक्सेल फाइल पाठवून ‘याचा एसई काढून द्या’ म्हटलं तर प्रामाणिक उत्तर एकच: निवड कशी केली ते आधी सांगा.

प्रक्षेत्रावरच्या प्रयोगांत याच चुकीचा दुसरा अवतार भेटतो. तीन रेप्लिकेशन (एकाच मात्रेचे तीन प्लॉट), प्रत्येक प्लॉटमधली पाच झाडं खुणा करून मोजली आणि उंचीचा एसई १५ च्या वर्गमूळाने भागून काढला. खतमात्रा प्लॉटला दिली होती, झाडाला नाही. पाच झाडांची आधी सरासरी काढायची, मग संख्या उरते ३. पंधरा धरली की एसई उगीच लहान होतो आणि नसलेले फरक ‘सार्थ’ (सिग्निफिकंट) ठरतात.

‘एसई लहान म्हणजे आकडा बरोबर?’ या शंकेचं उत्तर नाही असं आहे. तुमचा वजनकाटा प्रत्येक वेळी ३०० ग्रॅम जास्त दाखवत असेल तर सरासरी हेक्टरी ०.६ क्विंटलने फुगेल आणि एसई तसूभरही हलणार नाही, कारण सगळेच आकडे सारखे सरकले. शेंगा ओल्या असताना मळणी करून तेच वजन कोरडं म्हणून लिहिलं तरी सरासरी फुगेल आणि एसई ते सांगणार नाही. या विषयात गाजलेला वाद यावरूनच झाला. १९४० च्या दशकात प्रशांतचंद्र महालनोबिस आणि त्यांची भारतीय सांख्यिकी संस्था पीक पाहणीसाठी अगदी लहान प्लॉट वापरत. लहान प्लॉट पटकन कापून होतात, त्यामुळे भरपूर घेता येतात आणि एसई उतरतो. भारतीय कृषी संशोधन परिषदेत काम करणारे पां. वा. सुखात्मे, मूळचे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, यांनी प्रत्यक्ष कापणी करून दाखवलं की लहान प्लॉट उत्पादन फुगवून सांगतात. कारण साधं आहे. दोरीवर आलेलं झाड आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न आला की हात ते आत ओढतो. प्लॉट जितका लहान तितका क्षेत्राच्या मानाने त्याचा परीघ मोठा, म्हणजे अशी ओढलेली झाडं प्रमाणात जास्त. हजार लहान प्लॉट घ्या, एसई शून्याकडे जाईल आणि सरासरी चुकीच्याच आकड्यावर ठामपणे जाऊन बसेल. म्हणूनच दोरी ताणून बांधा, बुडखा आत असेल तरच झाड आत, हे नियम कापणीच्या दिवशी पाळायचे असतात. नंतर गणिताने ही चूक निघत नाही.

किती प्लॉट लागतील हे आधी ठरवायचं असेल तर टक्क्यांत बोलणं सोपं पडतं. एसडीला सरासरीने भागून शंभराने गुणलं की सीव्ही (कोएफिशंट ऑफ व्हेरिएशन). वरच्या उदाहरणात १४.५ टक्के. सीव्ही भागिले प्लॉटसंख्येचं वर्गमूळ म्हणजे टक्क्यांतला एसई, इथे ४.६. तो २ टक्क्यांवर आणायचा तर (१४.५ ÷ २) चा वर्ग, म्हणजे ५३ प्लॉट, तेही सुटे निवडलेले. कोरडवाहू भागात सीव्ही ३० सहज असू शकतो. मग चार प्लॉटवर एसई १५ टक्के, आणि तीन डिग्रीज ऑफ फ्रीडमचा टी ३.१८२ धरला तर पट्टा दोन्ही बाजूंना जवळजवळ ४८ टक्क्यांचा. पीकविम्यात असा आकडा उंबरठा उत्पादनाशी (ज्याखाली गेलं तर भरपाई मिळते ती पातळी) ताडून नुकसानभरपाई ठरते, तेव्हा चार की दहा की सोळा प्रयोग हा प्रश्न कागदी उरत नाही. जिल्ह्यातल्या मंडळांची उत्पादनानुसार यादी लावली की जिथे प्रयोग कमी झाले ती मंडळं वरच्या टोकालाही दिसतात आणि खालच्याही. त्यात शेतकऱ्यांचं कौशल्य किंवा निसर्गाची अवकृपा शोधण्याआधी प्रयोगांची संख्या पाहावी.

प्रमाणाचा एसई वेगळ्या सूत्राने निघतो: प्रमाण गुणिले (एक वजा प्रमाण), भागिले संख्या, त्याचं वर्गमूळ. घरच्या सोयाबीन बियाण्याची गोणपाटावर १०० दाणे मांडून उगवण पाहतात. ६६ उगवले. बियाणं ७० टक्क्यांच्या प्रमाणित मर्यादेखाली गेलं का? ०.७ × ०.३ ÷ १०० चं वर्गमूळ ०.०४६, म्हणजे ४.६ टक्के. ७० टक्के उगवणीचं चांगलं बियाणंही शंभर दाण्यांत ६६ दाखवू शकतं, यात नवल काही नाही. ४०० दाणे मांडले तर एसई २.३ वर येतो आणि ६६ टक्क्यांना थोडा अर्थ येतो. दाणे मात्र पोत्याच्या तोंडचे मूठभर उचललेले नकोत. वर, मधून, तळातून काढून मिसळलेले हवेत, नाहीतर मघाचीच गावांची गोष्ट पुन्हा.

प्रबंधाच्या तक्त्याखाली असतात त्या दोन ओळींबद्दल. एस.ईएम. ± म्हणजे एका ट्रीटमेंटच्या सरासरीचा एसई: एरर मीन स्क्वेअर (ट्रीटमेंट आणि ब्लॉकचा फरक वजा जाता प्लॉटांमध्ये उरलेलं विचरण) भागिले रेप्लिकेशन, त्याचं वर्गमूळ. आरबीडीत (रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन) सात ट्रीटमेंट, तीन रेप्लिकेशन, एरर मीन स्क्वेअर २.२५ असेल तर √०.७५ = ०.८७. पण तुलना दोन सरासऱ्यांची करायची असते आणि दोघीही डळमळतात, म्हणून फरकाचा एसई √(२ × २.२५ ÷ ३) = १.२२, एसईएमच्या १.४१ पट. १२ डिग्रीज ऑफ फ्रीडमचा टी २.१७९ ने गुणलं की सी.डी. (क्रिटिकल डिफरन्स, सार्थ ठरायला लागणारा किमान फरक) २.६७. दोन ट्रीटमेंटमधला फरक एसईएमच्या दुप्पट आला म्हणून सार्थ म्हणणारे भेटतात. इथे तो तिपटीहून जास्त हवा. तक्त्यावरच्या आलेखात एसईच्या दांड्या एकमेकींना टेकत नाहीत म्हणून फरक सिद्ध होत नाही, आणि ९५ टक्क्यांच्या दांड्या थोड्या एकमेकींवर आल्या म्हणून फरक नाही असंही ठरत नाही. सुट्या, सारख्या एसईच्या दोन सरासऱ्या मोठ्या नमुन्यात साधारण २.८ एसईंनी दूर असल्या की पुरतं, तर ९५ टक्क्यांचे पट्टे पूर्ण सुटे व्हायला जवळजवळ चार एसई लागतात.

एक्सेलमध्ये एसईचं थेट फंक्शन नाही. एसटीईवायएक्स नावामुळे फसवतं, ते रिग्रेशन रेषेभोवतीच्या विखुरणीचं आहे. एसटीडीईव्ही.एस भागिले एसक्यूआरटी(काउंट) असं लिहायचं. एसटीडीईव्ही.पी घेतलं तर नऊऐवजी दहाने भागाकार होतो आणि एसई थोडा लहान निघतो. काउंटच्या जागी काउंटए घातलं तर ‘प्लॉट रद्द’ असं लिहिलेला खानाही मोजला जातो. आर ही सांख्यिकी प्रणाली वापरणाऱ्यांचा घोटाळा लेंग्थ या फंक्शनने होतो: एसडी काढताना एनए (नसलेले आकडे) वगळतात, लेंग्थ मात्र ते धरूनच मोजते, वर्गमूळ मोठं होतं, एसई पुन्हा लहान. बहुतेक चुका एसई लहान करण्याच्याच दिशेने जातात. एसई अपेक्षेपेक्षा मोठा आला की आपण सूत्र तपासतो, लहान आला की तक्ता पक्का करतो, म्हणून त्या टिकतात.

तुमच्या तक्त्यात मग ± एकटं सोडू नका. गावं वर धरली तशी असतील तर ओळ अशी येईल: ‘सरासरी उत्पादन १३.२ क्विं./हे.; प्लॉटांमधील प्रमाण विचलन १.९१, सरासरीचा स्टँडर्ड एरर ०.८९, ५ गावांच्या सरासऱ्यांवरून (प्रत्येकी २ प्लॉट, १० × ५ मी.)’. आणि वजन घेतलं तेव्हा दाण्यातला ओलावा किती टक्के होता, तो त्याच तळटीपेत लिहा.